नववं नको

लिफ्टचं दार उघडं होतं, पण आत लिफ्ट नव्हती. होता तो नुसता खड्डा, आणि त्या खड्ड्यातून एक डोकं वर आलं. केसांत जळमट, गालावर वंगणाचा पट्टा, हातात पाना.

"चौथ्या मजल्यावर जायचंय? बॅग वर नेऊ का?" डोक्याने विचारलं.

"नको, नको... कशाला त्रास," मी म्हटलं. त्यांच्या भाषेत, व्यवस्थित व्याकरणासकट. वर्षभर शिकवणीला उगाच नव्हते गेले.

"बरं," तो म्हणाला आणि पुन्हा खाली गेला.

गेला? असा कसा गेला? माझी बॅग तेवीस किलोंची. मी मिनिटभर तिथेच उभी राहिले, म्हटलं, आता पुन्हा विचारेल. खालून पान्याची टकटक सुरू झाली. मग मी बॅग उचलली आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत जिना चढायला लागले.

आता मी त्या परक्या शहरात कशाला कडमडले होते, ते सांगते. मी दातांच्या कवळ्या करते. हसू नका, चांगलं नाजूक काम आहे, आणि त्यातलंच पुढचं शिकायला मी आले होते. संस्थेचा नियम असा की विद्यार्थ्याने एखाद्या कुटुंबात राहायचं. पहिल्याच दिवशी संध्याकाळी सहाला संस्थेतली बाई फोन करणार आणि घरच्यांना विचारणार, मुलगी ठेवताय का? हो म्हणाले तर ठीक. नाही म्हणाले तर माझी जागा यादीतल्या पुढच्या मुलीला, आणि मी परतीच्या विमानात. दुसरं घर वगैरे काही नाही.

विमानतळावर आईने कानात सांगितलं होतं, परक्याचं घर आहे, कोणाला त्रास देऊ नकोस. आणि विचारल्या विचारल्या हो म्हणू नकोस, हावरट दिसतं. मी गुणी मुलगी. आईचं तंतोतंत ऐकलं आणि गोत्यात आले.

दार उघडलं ते उंच, रुंद खांद्यांच्या बाईने. गळ्यात मोजायची टेप, कारण ती घरी कपडे अल्टर करून देते. मागे तिचा नवरा, निवृत्त बसचालक, बोलायला अगदीच कंजूस. मी मनातल्या मनात त्यांना काका-काकू करून टाकलं. काकूने खोली दाखवली. लग्न होऊन गेलेल्या लेकीची. पलंगावर निळं-पांढरं लोकरीचं पांघरूण होतं, काकूने स्वतः विणलेलं. इथे थंडी बोचते, हे घेशील ना, तिने विचारलं.

"नको, माझ्याकडे शाल आहे," मी म्हटलं.

तिने पांघरुणाची घडी घातली आणि ते घेऊन निघाली. दारात वळेल, म्हणेल, अगं असू दे... ती वळली नाही. अंघोळीला पाणी तापवू? नको. चहा? नको. कपाटातला कप्पा रिकामा करून देऊ? नको, बॅगेतच राहू देते कपडे. दर वेळी ती मान हलवून निघून जायची, आणि दर वेळी तिचा चेहरा थोडा आणखी मिटायचा. मला वाटलं, ह्या बाईला मी आवडलेली दिसत नाही.

दुपारी जेवायला बसलो तेव्हा दार ढकलून तो आत आला. तोच. तोंड धुतलेलं, पण कानामागे वंगण तसंच. काकू म्हणाली, हा आमचा मुलगा. म्हणजे जिन्यात मी ज्या सात पिढ्यांचा उद्धार केला, त्यातली एक समोर सूप वाढत होती.

तो दुसऱ्या गावी लिफ्टदुरुस्तीच्या कामावर असतो. ह्या बिल्डिंगची लिफ्ट बिघडली की लेक घरी येतो, त्यामुळे लिफ्ट बिघडली की मला बरंच वाटतं, काकू म्हणाली. तो हसला. वरचा एक दात किंचित पुढे. असा दात दिसला की माझे हात शिवशिवतात, सरळ करावासा वाटतो. हा मात्र तसाच राहू द्यावा असं वाटलं, आणि हे आपल्याला का वाटतंय म्हणून मी सूपकडे बघायला लागले.

आणखी सूप? नको. पाव? नको. पोटात कावळे कोकलत होते. मी वाट बघत होते की आता कोणीतरी रागावून वाढेल. त्या घरात कोणी रागावलं नाही. काकूने भांड्यावर झाकण ठेवलं.

"पुढच्या रविवारी मी पुन्हा येईन," तो म्हणाला. "गाव दाखवू तुला?"

त्याच्या आईवडिलांदेखत! कानाच्या पाळ्या तापल्या माझ्या. "नको... उगाच कशाला."

"बरं," तो म्हणाला. पण ह्या वेळी पाना नव्हता, तर हात कुठे ठेवावा हे त्याला कळेना.

साडेपाचला मी जिन्यात जाऊन बसले. खोलीत जीव घाबरत होता. तो खालून वर आला, दोन पायऱ्या सोडून बसला आणि हात पुसत राहिला.

"तुला सांगायला नको खरं तर," तो म्हणाला. "आई सहाच्या फोनवर नाही म्हणणार आहे."

मी काय चुकले, एवढंच कसंबसं विचारलं.

"चुकली नाहीस. तुला इथलं काहीच आवडलं नाही ना. तिने सहा वेळा विचारलं, सहा वेळा नाही म्हणालीस. ते पांघरूण तिने हिवाळाभर बसून विणलंय. जिला राहायचं नाही त्या मुलीला जबरदस्तीने ठेवायचं कसं, म्हणत होती. रडली थोडी." मग खाली बघत, "माझे दोन धरून आठ."

"ते 'नाही' नव्हतं," मी म्हटलं. "ते 'नको' होतं!"

त्याला ते कळेना. त्यांच्या भाषेत दोन्हीला एकच शब्द. मी आमचा शब्द त्याला म्हणून दाखवला. त्याने दोनदा घोळवून पाहिला. "न-को. म्हणजे काय?"

"म्हणजे... अजून एकदा विचारा."

"आणि खरंच नाही म्हणायचं असेल तर?"

"तर 'नाही'. ते ऐकल्यावर कळतं."

तो हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही. "आमच्याकडे एकदाच विचारतात," तो म्हणाला. "परत विचारणं म्हणजे तुझ्या शब्दाला किंमत न देणं. सकाळी तू बॅग ओढत होतीस. प्रत्येक मजल्यावर थांबलीस, तिसऱ्यावर जास्तच. मी काम थांबवून ऐकत होतो. दोनदा जिन्यापर्यंत आलो आणि परत गेलो."

आणि मी इकडे त्याला शिव्या घालत होते... घड्याळात सहाला पाच कमी होते.

"आईला तू सांग ना," मी म्हटलं.

"मी सांगून काय उपयोग? विचारलं तुला होतं."

खरं होतं ते. मी उठले. स्वयंपाकघरात काकू फोनशेजारी ताठ बसली होती, टेप गुंडाळत, उलगडत. काका खिडकीपाशी. काय बोलायचं ते जिन्यातून येताना मनात जुळवलं होतं, त्यातलं एकही वाक्य ऐन वेळी सापडेना. जे पोटात होतं तेच ओठांवर आलं.

"काकू, मला भूक लागलीय," मी म्हटलं. "सकाळपासून."

तिने टेप खाली ठेवली. मग उठून सूप गरम करायला ठेवलं. तेवढ्यात फोन वाजला. काकांनी उचलला, ऐकला, आणि रिसीव्हर छातीशी धरून म्हणाले, विचारतायत.

काकूच्या हातात डाव. तिने तो भांड्यात तसाच राहू दिला आणि माझ्याकडे वळली.

"राहतेस?"

एकदाच. दुसऱ्यांदा ती विचारणार नाही, हे मला आता माहीत होतं. आणि तरी मेली जीभ सवयीने वळली. "न—" एवढं आलंसुद्धा बाहेर. दारात तो उभा होता, त्याने डोळे मिटून घेतले.

"हो," मी म्हटलं. "हो. राहते. आणि ते पांघरूण मला हवंय. कप्पा पण. चहासुद्धा."

काका फोनवर म्हणाले, "ठेवतोय." दिवसभरात त्यांनी काढलेला तो सगळ्यात मोठा आवाज. काकूने वाडगा गच्च भरला आणि माझ्यासमोर आदळला. डोळे पुसले ते मात्र पाठ फिरवून.

सातला तो निघाला. लिफ्ट सुरू झाली होती. काकूने मलाच पिटाळलं, त्याचा डबा राहिलाय, देऊन ये. मी धावत गेले. तो लिफ्टमध्ये उभा होता. मी डबा दिला. त्याने घेतला. दारं मिटायला लागली, आणि मला कळलं की हा माणूस आता बोलणार नाही. रविवारचं त्याचं एकदा विचारून झालं होतं. माझ्या शब्दाला तो किंमत देणार, आणि मी मात्र बसणार रडत.

मी दारांत हात घातला. दारं उघडली.

"रविवारी..." मला धाप लागली होती. "रविवारी येशील? मला गाव बघायचंय. म्हणजे गाव नाही... तुझ्याबरोबर बघायचंय."

कानामागचं वंगण अजून तिथेच. मग अगदी गंभीर चेहऱ्याने, माझ्या भाषेत, सावकाश अक्षरं लावत म्हणाला,

"न-को."

मी दारातला हात मागे घेतला. पण दार उघडं ठेवायच्या बटणावर त्याचं बोट होतं आणि ते तो काढत नव्हता. आणि तो पुढचा दात हळूच दिसायला लागला होता.

मी पुन्हा विचारलं.