मावशीच्या टाचण्या

वरच्या मजल्यावर, आमच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत, नळाला पाणी नव्हतं. म्हणून बाटली घेऊन मी खाली भाषा विभागात उतरले. तिथल्या कूलरजवळ एक उंच मुलगा ग्लास हातात धरून स्वतःशीच बोलत होता, आणि चक्क मराठीत.

“हे पाणी थंड आहे. हे पाणी अत्यंत थंड आहे.”

या शहरात मराठी फक्त मावशीच्या घरी ऐकायची सवय होती मला. न राहवून म्हणाले, “अत्यंत नाही. बेताचं आहे.”

त्याच्या हातातला ग्लास हिंदकळला. “बेताचं...” त्याने शब्द चाखून पाहिला. “आपण — आपण इथे रोज पाण्यासाठी येता का?”

“आमचा नळ दुरुस्त होईपर्यंत.”

“मग तो दुरुस्त न होवो.”

नळ दुसऱ्याच दिवशी दुरुस्त झाला. मी मात्र खाली जात राहिले.

दक्षिण आशियाई भाषा हा त्याचा विषय. नेपाळी आणि सिंहली झाल्या होत्या. आता मराठी, आणि मराठीच्या वर्गात तो एकटाच. त्यामुळे बोलायचा सराव माझ्याशी. खिडकीपाशी बसायचं आणि तासभर दुसऱ्या कुठल्याच भाषेत बोलायचं नाही. तो विचारायचा, मी सांगायचे. मी हसले की तो बघत राहायचा आणि पुढचा प्रश्न विसरायचा. मनातल्या मनात मी त्याचं नावच ‘बेताचा’ ठेवलं. दिसायला तो बेताचा अजिबात नव्हता.

मग त्याला मराठी शिकवणाऱ्या बाईंनी सरावाची तोंडी परीक्षा ठेवली. परीक्षक अनोळखी, भरभर बोलणारे गृहस्थ. बेताचा नुसता त्यांच्या तोंडाकडे बघत बसला. एकाही प्रश्नाला उत्तर नाही. बाईंनी मला बोलावून घेतलं.

“याला मराठी येत नाही,” त्या म्हणाल्या. “याला फक्त तू कळतेस.”

एरवी मी लाजले असते. पण खरी परीक्षा महिन्यावर आली होती, आणि तीत नापास झाला तर त्याला शेवटच्या वर्षाला प्रवेश नव्हता. सामान बांधून घरी परतावं लागलं असतं. मी त्याच्यासाठी सावकाश बोलायचे, सोपे शब्द निवडायचे, त्याला माझे ओठ दिसतील अशी बसायचे... लाडाने कान बिघडला होता त्याचा.

उपाय एकच होता, आणि तो मला नको होता.

“परीक्षेपर्यंत आपण भेटायचं नाही,” मी सांगितलं. “तुम्ही माझ्या मावशीकडे जा.”

त्याने वही मिटली. “आपली मावशी सावकाश बोलते?”

“अजिबात नाही.”

मावशीचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. ती तोंडात टाचण्या धरून बोलते, तेही शिलाई मशीन चालू ठेवून. तिचं कळलं की कुणाचंही कळावं.

आठवड्याभराने जेवताना मी सहज म्हणून विचारलं, “काय म्हणतो तुझा विद्यार्थी?”

“बटणं छान लावतो. हात बरा आहे.”

“मराठीचं विचारतेय मी.”

“मग ताटात काय बघतेस?” मावशीने आणखी एक पोळी वाढली. “तुझ्याबद्दल काय म्हणाला ते सांगणार नाही हं मी. त्याचं त्याला बोलू दे. नाहीतर शिकून उपयोग काय?”



परीक्षेच्या दिवशी माझं एकही मोजमाप जुळलं नाही. तीनदा द्रावण ओतून दिलं. चौथ्यांदा भांडं मशीनवर ढवळायला ठेवलं, तेवढ्यात तो दारात उभा.

“पास,” तो म्हणाला.

“परीक्षक कोण होते?”

“तेच. मधे मधे खोकत होते, बाहेर रस्ता नुसता बोंबलत होता. तरी कळलं.”

‘बोंबलत’ ऐकून मला हसू आलं. हे शंभर टक्के मावशीचं.

तो आत आला. “आता मला सगळ्यांचं कळतं. मावशींचं, परीक्षकांचं, त्यांची फोनवरची भांडणंसुद्धा. पण ऐकावंसं...” तो अडखळला. शब्द माहीत असून अडखळला, ते दिसत होतं. “ऐकावंसं तुझंच वाटतं.”

मी ढवळणारं मशीन बंद केलं. खोली एकदम शांत झाली.

मग मी बोलायला लागले, माझ्या नेहमीच्या वेगाने, मधे कुठेही न थांबता — सकाळी फुटलेली काचनळी, वाया गेलेलं द्रावण, तो नसताना न संपणाऱ्या दुपारी, तोंड शिवून बसलेली मावशी, आणि तू मला आवडतोस, केव्हापासूनच, आणि असा उभा काय राहिलास, बस ना.

तो बसला नाही.

“कळलं?” मी विचारलं.

“सगळं कळलं,” तो म्हणाला. “तरी पुन्हा सांग.”