ओटीतले चार दाणे

ऑगस्ट लागला की धनराजचा फोन ठरलेला. द्वारका चौकात, हमरस्त्याला लागून, त्याच्या अंकाचं ऑफिस आहे. ट्रकांच्या हॉर्नवर आवाज चढवून तो एकच विचारतो, दिवाळी अंकाची कथा कुठवर आली? यंदा थापा मारून मारून माझं तोंड दुखलं. कथेचा पत्ताच नव्हता. त्याच्या अंकातली पहिली कथा वर्षानुवर्षं माझी; ती जागा गेली तर माझ्यापाशी दुसरं आहे काय?

खरं सांगायचं तर कथा मी रचत नाही, सिंधुबाई सांगते. ही बाई कुठंही नाही. मखमलाबादकडची झेंडूवाली, हिरवं लुगडं, हनुवटीवर भाजल्याचा डाग, अशी मीच तिला मनात घडवली. दुपारी मीना, माझी बायको, आडवी झाली की गॅलरीतल्या रिकाम्या खुर्चीपुढं मी चहाची एक कपबशी ठेवतो. ती बोलते, मी लिहितो. मीनाला हे कधी सांगितलं नाही. हसली असती.

उन्हाळ्यापासून बाईनं तोंडच मिटलेलं. रोज चहा निवायचा, वर साय धरायची. त्या दुपारी माझं डोकं फिरलं. चहा कुंडीत ओतला आणि खुर्चीला मोठ्यांदा म्हणालो, "सांगायचं नसेल तर निघ इथून." मग स्वतःचीच लाज वाटली. चरफडत खाली गेलो, कोपऱ्यापर्यंत चक्कर मारून आलो.

परत येतो तर मीना ताम्हण हातात घेऊन दारात उभी. एक बाई येऊन गेली म्हणे. मीनाला जाग आली तेव्हा ती गॅलरीकडून दाराकडे निघालेली. साहेब निघ म्हणाले, असं बोलली. चेहरा ओळखीचा वाटला, आणि घरातून बाईला रिकामी कशी धाडायची? मीनानं खण, नारळ, तांदूळ घालून तिची ओटी भरली.

"दिसायला कशी होती?"

"हिरवं लुगडं. आणि इथं भाजलेलं." मीनानं हनुवटीला बोट लावलं.

घरात झेंडूचा वास होता.

मी फाटकापर्यंत धावलो. वॉचमन म्हणाला, तुमच्याशिवाय कुणीच बाहेर पडलं नाही.

वर आलो तरी मीना तिथंच होती. ओटी भरली की बाईनं त्यातले चार दाणे परत ताम्हणात टाकायचे, घरातलं घरात राहावं म्हणून. ताम्हण रिकामं होतं.

"मी पुढं केलं होतं," ती म्हणाली. "नको म्हणाल्या. म्हणाल्या, हे सगळं माझंच आहे."

मला भीती वाटली. निदान धनराजला तरी सांगून टाकावं, यंदा कथा नाही. फोन लावला. त्यानं लगेच उचलला.

"बोला सिंधुबाई. कथा मिळाली हो. दरवर्षीसारखी पहिलीच लावतोय."

"धनराज, मी बोलतोय."

 तो अदबीनं म्हणाला, "आपण कोण? बाई घरात नाहीत का?"

मी गॅलरीकडे पाहिलं.

"नाहीत," म्हणालो.

आत मीना ताम्हण विसळत होती.