अंगठ्याची जागा

नाशिकच्या न्याययंत्र प्रयोगशाळेत गारठा इतका असायचा की डॉ. यमुना भोये शाल पांघरूनच कामाला बसे. समोरच्या पडद्यावर तिच्या सख्ख्या भावाचं नाव होतं, आणि नावापुढे एकच शब्द. दोषी.

धरणाच्या कंपनीचं गोदाम जळालं, आतला पहारेकरी मेला. नवशा भोये त्या वेळी पलीकडच्या तालुक्यात होता. मोबाइलच्या मनोऱ्याची नोंद होती, दवाखान्यातल्या कॅमेऱ्याचं चित्र होतं. तरी फाशी. आता अपिलाची शेवटची फेरी उरली होती, आणि नव्या कायद्याने तीही यंत्रासमोरच. यमुनाला या खटल्यापासून लांब राहायचा आदेश होता. आदेश गेला खड्ड्यात.

"पुरावा वाचलाच नाही का ह्यानं?" तिने विचारलं.

डॉ. विद्याधर फणसळकरांनी चहात बिस्कीट बुडवलं. यंत्र त्यांनीच घडवलं होतं. "वाचला. पण जागा ठरल्यावर वाचला."

"म्हणजे?"

"तुला ठाऊक आहे, पण माझ्या तोंडून ऐकायचंय. ऐक. लाखभर माणसांना आपण भांडणं ऐकवली आणि मेंदूत काय पेटतं ते टिपलं. त्यावरून हे यंत्र शिकलं. तर पुरावा कानावर पडायच्या आधीच मेंदू एक गोष्ट शोधतो. पुराणातली, महाकाव्यातली, लहानपणी टीव्हीवर पाहिलेली. तिच्यातल्या कुणाच्या तरी जागेवर तो समोरच्या माणसाला नेऊन बसवतो. हा कथासाचा. माणूस एकदा त्यात बसला की पुढचा पुरावा नुसती सजावट."

"आणि दादा असुराच्या जागेवर बसला."

"बसला नाही, तुझ्या गावानं बसवला. साक्षी बघ."

यमुनाने साक्षी वाचल्या आणि कपाळाला हात लावला. नवशा माणूस कसा, असं विचारल्यावर अख्खं गाव छाती फुगवून बोललं होतं: तो आमचा म्हैसासुर आहे, साहेब. गावच्या बोहाड्यात, मुखवट्यांच्या उत्सवात, म्हैसासुराचं सोंग पिढ्यान्पिढ्या भोयांच्या घराकडे. ते सोंग ऐऱ्यागैऱ्याला मिळत नाही. देवीच्या हातून मरायचं तर उपास पाळावा लागतो, खोटं बोलून चालत नाही. पडलेल्या असुराच्या पाया पडल्याशिवाय गाव घरी जात नाही. गावाने नवशाला जवळ होतं ते सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्र दिलं होतं. शहरातल्या लाखभर मेंदूंनी त्यातला राक्षस तेवढा उचलला.

"साचेच काढून टाका," ती म्हणाली.

"काढले होते. मग एका पोरीच्या खुनाचा खटला घातला. म्हणालं, नोंद घेतली. बस, एवढंच. गोष्टी काढल्या की त्याला अन्याय दिसतच नाही, यमुना. एक शरीर चालायचं थांबलं, एवढंच दिसतं."

"मग मी दादाला दुसऱ्या जागेवर बसवते."

"बस बाई, देवादिकांची जुळवाजुळव करत."

तिने अपिलाचा अर्ज नव्याने लिहिला. त्यात खोटं वाक्य एकही नव्हतं, फक्त आधी काय सांगायचं आणि नंतर काय, ते बदललं. पहिल्यांदा तिने भरसभेत विटंबना झालेल्या राणीची जागा धरली, कारण तिच्यासाठी देव धावून आला होता. यंत्राने चाचणीतच अर्ज परत फेकला: राजकुळ आढळत नाही.

"देवसुद्धा कुळ बघून धावतो म्हणायचा," यमुना म्हणाली.

"मी काय बोलू? जानवं माझ्या गळ्यात आहे."

मग एकलव्य. रानातला, स्वतःच्या हिमतीवर शिकलेला, कुणाचं वाईट न केलेला आणि मोठ्यांनी नाडलेला. नवशा त्या जागेवर असा बसला, जणू ती त्याच्याच मापाने कोरली होती. चाचणीत जागा जुळली की नाही एवढंच कळे, निकाल खऱ्या सुनावणीतच लागे. पण जागा जुळली होती. अर्ज गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी निकाल आला.

अर्जदार निर्दोष आहे. त्याच्यावर घोर अन्याय झाला आहे. त्याचा त्याग पुढच्या पिढ्यांना प्रेरणा देईल. तालुक्याच्या क्रीडासंकुलाला त्याचे नाव द्यावे, अशी शिफारस करण्यात येते. शिक्षा कायम.

यमुनाने ते पुन्हा वाचलं. "निर्दोष. आणि शिक्षा कायम. बिघडलंय हे."

"बिघडलं नाही," फणसळकर चष्मा काढत म्हणाले. "जागेबरोबर तिचा शेवटही येतो, हे आपल्या ध्यानातच आलं नाही. ही गोष्ट ऐकून लोक हजारो वर्षं हळहळतात. हळहळतात, त्याचं नाव घेतात, पोरांना सांगतात. पण त्याचा अंगठा परत द्या, असं आपल्या लाखातला एकही मेंदू म्हणाला नाही. ते गोष्टीत नाहीच." त्यांचे डोळे भरून आले होते. "केवढा मोठा माणूस गं तुझा भाऊ."

तिला त्या ओल्या डोळ्यांची किळस आली.

संध्याकाळी तुरुंगातून नवशाचा फोन आला. तिने काही लपवलं नाही, जसं होतं तसं वाचून दाखवलं.

"निर्दोष म्हटलंय ना पण?" त्याने विचारलं.

"म्हटलंय."

"लेखी?"

"लेखी, दादा."

"मग झालं, बाय. आईला सांग, आता मान वर करून पाण्याला जा म्हणावं."

तिला त्याला शिव्या घालायच्या होत्या. अरे, नाही म्हण, थुंक त्या कागदावर, एकदा तरी भांड, असं ओरडायचं होतं. पण नवशाचा आवाज हलका झाला होता. अटक झाल्यापासून तो असा बोललाच नव्हता.

"आणि ते नावाचं काय म्हणालीस?" त्याने लाजत विचारलं. "खरंच देतील का गं?"

"देतील," यमुना म्हणाली. "नाव ते नक्की देतील."