रिकाम्या जागेपर्यंत

शुद्धलेखनाबद्दल आधीच माफी मागतो. शाळा लवकर सुटली, शब्दही साधेच येतात. आणि चुकलेलं मी आता खोडत नाही. का, ते सांगतो.

हॉस्पिटलच्या तळघरात मी खाटांच्या नोंदी ठेवतो. कॉम्प्युटरवर दोन खिडक्या, एक पांढरी, एक काळी. जुन्या कारकूनकाकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "कंट्रोल-डब्ल्यू दाबलं की मागचा शब्द जातो. पांढरीत आडव्या रेघेपर्यंतच. काळीत मात्र थेट रिकाम्या जागेपर्यंत. हाताला सवय लागली की तो डोक्याला विचारत नाही, पोरा."

"आणि चुकून गेला तर?"

"कंट्रोल-वाय. परत येतो." मग हळूच म्हणाले, "पण एकदाच दाब."

त्या दुपारी वर दाखल असलेल्या माझ्या धाकट्या बहिणीला खाट बदलून मिळणार होती. काळीत मी तिची जुनीच 'वॉर्ड३-खाट९' लिहिली. नऊच्या जागी बारा हवं होतं. हात पांढरीच्या सवयीने पडला... अख्खा शब्द गेला.

फिनेलचा वास एकदम थांबला. पंखा फिरत होता, पण आवाज नव्हता.

मी जिना चढून वर धावलो. वॉर्डात आठ नंबरच्या खाटेनंतर थेट दहा. मध्ये कोरडी फरशी.

"नर्सबाई, माझी बहीण...?"

"कसली बहीण? एकुलता एक ना रे तू? झोप झाली नाही वाटतं!"

तसाच खाली आलो. कंट्रोल धरून वायची कळ दाबली. शब्द आला. तरी जीव भांड्यात पडेना, म्हणून पुन्हा दाबली.

'वॉर्ड३-खाट९वॉर्ड३-खाट९'. एकाला एक चिकटून. एक खोडायला जावं, तर दोन्ही जातील.

पुन्हा वर गेलो, तर नऊ नंबरच्या दोन खाटा होत्या, कडेला कड लावून. दोन्हींवर माझी बहीण.

"जुळ्या आहेत हे बोलला नाहीस कधी," नर्सबाई हसल्या.

मी दोघींच्या मधोमध वाकलो. अंधारून आलं होतं. कुणीतरी कानाशी पुटपुटलं, "दादा, मध्ये जागा टाक ना... मग तिला खोडता येईल."

कोण बोललं, कळलं नाही.

सकाळी दोन डबे घेऊन निघालो. आधी तळघरात डोकावलो. दोन शब्दांच्या मध्ये रिकामी जागा होती. मी टाकली नव्हती. डब्ल्यूची कळ उपटून खिशात घातली आणि वर गेलो.

डब्यांना कुणीच हात लावला नाही. दोघी माझ्या खिशाकडे पाहत होत्या.