शाडूचा चेहरा

“चोर सापडलाय, मॅडम. तुम्ही फक्त पुरावा शोधा,” प्रदीप राऊत म्हणाला.

पेणच्या एसटी स्टँडसमोरच्या आपल्या खाजगी गुप्तहेर कचेरीत मृणाली गावंडने त्याला खुर्ची दिली. “चोर सापडलाय तर पोलिसांत जा. माझी फी कशाला भरता?”

प्रदीप एका टीव्ही मालिकेचा दिग्दर्शक. खून, तपास, धावपळ असलेली मालिका. चित्रीकरण रोह्याच्या एका बंगल्यात. शेवटच्या भागात साक्षीदाराच्या वर्णनावरून शाडूचा चेहरा घडवतात आणि खुनी ओळखू येतो. तो कोण, हे फक्त प्रदीपला, त्याच्या सहायक ऋतुजाला आणि चेहरा घडवणारे पेणचे मूर्तिकार मोतीराम यांना ठाऊक होतं. शुक्रवारी त्या चेहऱ्याचा फोटो निनावी खात्यावरून सगळीकडे पसरला. खुनी निघाला नायकाचा इमानी हवालदार, म्हणजे ते काम करणारा रवी पाटील.

“चॅनल म्हणतंय, आता हवालदार निर्दोष ठेवा, दुसरा खुनी आणा,” प्रदीप म्हणाला. “चेहरा गुरुवारी सकाळी रोह्याला आला. त्या खोलीची किल्ली एकट्या सगुणाकडे. चहापाणी, झाडलोट करते. सगळ्या युनिटसमोर विचारलं, तर नुसती रडते. काढून टाकली. तुमचा अहवाल मिळाला की केस करणार.”

“किल्ली एक, बाई एक. संपलं की!” नितेश म्हणाला. हा मृणालीचा मावसभाऊ. तिची गाडी चालवतो आणि निष्कर्ष तिच्या आधी काढतो.

मृणाली मोबाइलवरचा फोटो बघत राहिली. मागे नुसती भिंत, पुढे काळपट करडा चेहरा.

रोह्याच्या बंगल्यात तो चेहरा टेबलावर होता. पांढरट, कोरडा, कुठे एक तडा नाही. तिने त्याला हळूच टिचकी मारून पाहिली.

“रवीचे चारही बाजूंनी फोटो मीच काढले,” ऋतुजा म्हणाली. “मागचं-पुढचं दृश्य जुळवायला लागतात, असं त्याला सांगितलं. शनिवारी ते मोतीरामकाकांना दिले. रविवार ते बुधवार मी आणि सर मुंबईला एडिटिंगला होतो.”

रवी पेणजवळच्या गडबचा. दोन वर्षांत हवालदार म्हणून घराघरांत पोचलेला. “खुनी मी, हे फोटो आल्यावरच कळलं हो. पण सगुणामावशीला सोडा. गरीब बाई आहे.”

“मोतीरामकाका ओळखीचे?”

“म्हणजे काय! शाळा-कॉलेजात असताना त्यांच्याकडे गणपतीचे सात सीझन काढले. माती त्यांनीच शिकवली.”

“रविवार ते बुधवार कुठे होता?”

“शूटिंगला सुट्टी होती. घरीच.”

सगुणाबाई नदीकाठच्या वाडीत दाराआड बसली होती. तिने पदर तोंडावरून काढलाच नाही.

“खोली झाडली नि कुलूप लावलं. येवढंच केलं मी. वाडीत कोण माझ्याशी बोलत नाय. पोरीच्या सासरीबी कळलंय.”

परतताना नितेशने एकही निष्कर्ष काढला नाही. कचेरीत आपण काय बोललो, ते त्याला आठवत असावं.

मोतीराम पेणच्या आपल्या कारखान्यात भेटले. “सोमवारी सकाळी चेहरा उभा केला, वर ओलं फडकं घातलं नि बाराला जेवाया घरी गेलो. दार नुसतं लोटलेलं व्हतं. चारला येतो तर फडकं चिंब! मे महिन्यात ते तवर सुकाया हवं. म्हटलं, नशीब. मंगळवारी हात फिरवून वाऱ्याला ठेवला. बुधवारी खडखडीत सुकला.”

“फडकं ओलंच का?”

“नायतर वरची माती आधी सुकते नि तडे जातात. कारखान्यात पोर आलं का पहिलं हेच शिकवतो. फडकं उचललंस, तर भिजवून परत घाल.”

फोटो पसरल्यानंतरच्या मंगळवारी मृणालीने सगळ्यांना रोह्याला बोलावलं. सगुणा दारापाशी उभी राहिली, आत आली नाही.

“शाडू ओली असताना काळपट असते, वाळली की पांढरट होते,” मृणाली म्हणाली. “फोटोतला चेहरा काळपट आहे. रोह्याला आला तो वाळलेला. म्हणजे फोटो इथे काढलेलाच नाही.”

“कोणी इथे पाणी मारलं असेल तर?” नितेशने विचारलं.

“कच्च्या शाडूवर पाणी मारलं तर ती विरघळते, फुटते. हा धड आहे. फोटो सोमवारी दुपारी काकांच्या कारखान्यात काढला गेला. तेव्हा प्रदीप आणि ऋतुजा मुंबईत होते. काकांनी स्वतः काढला असता, तर फडकं ओलं कसं, याचं नवल त्यांनी मला सांगितलं नसतं. परका चोर फडकं उचलून, फोटो काढून तसंच टाकून पळाला असता. हा मात्र थांबला. फडकं भिजवलं, नीट घातलं. काकांचं काम तडकावं, हे त्याच्या हाताला सोसवलं नाही.”

मोतीरामांनी डोळे मिटले. “रवी,” एवढंच म्हणाले.

रवीची मान खाली गेली. “फोटो चारी बाजूंनी काढले तेव्हाच शंका आली. काकांच्या कारखान्यात जाऊन फडकं उचललं, तर माझाच चेहरा. खुनी ठरलो तर पुढच्या सीझनला मी नाही. नऊ वर्षं गर्दीत उभा राहिलोय, मॅडम. पुन्हा तिथे जायचं नव्हतं. मावशीवर येईल असं वाटलं नव्हतं. आलं, तेव्हा बोलायचं धाडस झालं नाही.”

प्रदीप सगुणापुढे हात जोडून उभा राहिला. “मावशी, चुकलो. उद्यापासून कामावर या.” त्याला तिच्याकडे बघवत नव्हतं. नितेशलाही नाही.

सगुणाने प्रदीपचं ऐकलं की नाही कोण जाणे. ती रवीकडे बघत होती.

“चार दिस रोज फोन करत व्हतास. घाबरू नको मावशी, मी हाय, म्हणत व्हतास.”

रवीने नजर टेबलावरच्या चेहऱ्याकडे वळवली.

“तुझा फोन आला का मला लय बरं वाटायचं रे,” ती म्हणाली आणि वाडीच्या रस्त्याला लागली.