भुशाची मिलेना

ग्वायाकिल शहरात डिसेंबर लागला की घरोघर जुनं वर्ष शिवायला घेतात. जुन्या कपड्यांत भुसा कोंबायचा, कागदाच्या लगद्याचा मुखवटा चढवायचा आणि एकतीस तारखेला भर रस्त्यात पेटवून द्यायचं. वर्षाची इडापिडा त्याच्याबरोबर जाते म्हणतात. एउलालिया अशा बाहुल्या शिवून विकायची, पण तिचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. विश्वास गिऱ्हाइकांचा, शिलाई तिची.

यंदा तिच्या सहा वर्षांच्या मिलेनाने हट्ट धरला, "आई, मला माझ्यासारखीच हवी." मग तिचाच आखूड झालेला निळा फ्रॉक निघाला. एउलालियाने लेकीच्या मापाचं धड शिवलं आणि बाहुली अंगणात खुर्चीवर बसवली.

सासूने, दोन्या सोइलाने, ती बघून नाक मुरडलं. "जित्या पोरीचं माप कशाला घेतलंस गं?"

"मग काय मेलेलीचं घेऊ?" एउलालियाची जीभ अशीच होती.

त्याच आठवड्यात मिलेनाने दियाब्लियो चघळली. भिंतीवर घासली की तडतडणारी फटाक्याची टिकली ती, पोरीला वाटली गोड गोळी. उलटी झाली तेव्हा उलटीतून धूर निघाला आणि घरभर लसणासारखा वास सुटला. एउलालियाने तिला उचललं ते थेट इस्पितळ गाठलं.

दोन दिवसांत पोर खडखडीत. पलंगावर बसून तळलेली केळी मागायला लागली. दोन्या सोइला घरी न्यायला पिशवी भरू लागली, तेवढ्यात डॉक्टर इतुराल्दे आल्या.

"ती पिशवी खाली ठेवा. हे विष असंच फसवतं. आधी पोट जाळतं, मग गप्प बसतं. घरी नेलेली मुलं पिवळी होऊन परत येतात."

"मग उतारा द्या ना," एउलालिया म्हणाली.

"उतारा नाही, बाई. फॉस्फरस आहे हा. हवा लागली की पेटतो, पाण्याखाली तेवढा गप्प राहतो. आपण यकृताला सलाइनमधून आधार द्यायचा आणि लक्ष ठेवायचं."

त्या दुपारी एउलालिया लेकीचे कपडे न्यायला घरी आली. अंगणातल्या बाहुलीचे डोळे तिने स्वतः पांढऱ्याशुभ्र रंगाने काढले होते. ते आता पिवळे दिसत होते. रंगातली खळ नासली असेल, ती मनाशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिलेनाचे डोळे पिवळे झाले.

मग सगळं भराभर होत गेलं. पोर झोपेत बरळायला लागली, हिरड्यांतून येणारं रक्त थांबेना. यकृतापाठोपाठ मूत्रपिंडंही बसली. लघवी बंद, पावलं सुजलेली. रक्तातला द्रव बदलला, डायलिसिसचं यंत्र लावलं. घरी बाहुलीच्या पायातले बूट उसवले होते. खाडीची दमट हवा, भुसा ओल धरून फुगणारच. पण अंगणात लसणाचा वास होता आणि चुलीवर काही नव्हतं.

एकतीस तारखेला डॉक्टर म्हणाल्या, "आज यकृताने उचल खाल्ली तर ठीक. नाहीतर दुसऱ्याचं बसवायला लागेल, आणि ते वेळेत मिळेलच असं नाही."

अंघोळीपुरती म्हणून एउलालिया घरी आली, तर दोन्या सोइला बाहुलीला बगलेत धरून दाराकडे ओढत होती. रस्त्यावर जाळायच्या बाहुल्यांचा ढीग रचून तयार होता.

"पेटवू दे, पोरी. दुखणं हिच्यात उतरलंय. जाईल एकदाचं."

"आणि दुखण्याऐवजी मिलेनाच हिच्यात उतरली असेल तर?"

हे आपण बोललो? एउलालियाला स्वतःचंच नवल वाटलं. म्हातारीने बाहुली सोडली.

पेटवायची नाही, ठेवायचीही नाही. शिवली तिने, उसवेलही तीच. तिने कात्री घेतली आणि उजव्या बरगडीखालचे टाके कापले.

आतला भुसा गरम होता.

हवा लागताच फटीतून धुराचा बारीक धागा वर आला.

एउलालियाने फटीवर तळहात दाबला. चटका बसला तरी हात काढला नाही. तशीच बाहुलीला कवेत घेऊन ती धावली आणि कपडे धुवायच्या हौदात तिला बुडवलं.

भुसा तरंगतोच. पण हे तरंगणं नव्हतं. खालून कुणीतरी रेटत होतं.

"रेट किती रेटतेस ते," ती दात आवळून म्हणाली. "एकेक टाका माझ्या हातचा आहे. मी नाही म्हणते तोवर तू जळायचं नाहीस."

दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात. मग हळूहळू रेटा थांबला.

फोन वाजला. दोन्या सोइलाने तो एउलालियाच्या कानाला लावला.

"बाई, लघवी झाली," डॉक्टर इतुराल्दे म्हणाल्या. "थोडीच आहे, पण झाली."

मिलेना घरी आली ती हाडांचा सापळा होऊन, पण डोळे पांढरे आणि भूक राक्षसाची. यकृत कधी कधी स्वतःच नव्याने वाढतं, डॉक्टर म्हणाल्या. एउलालियाने मान डोलावली. डॉक्टरवर तिचा विश्वास होता. हौद मात्र तिने उपसला नाही. बाहुलीच्या छातीवर दगड आणि हौदावर झाकण होतं, तरी पाणी उतरायचं. भुसा एव्हाना कुजायला हवा होता, तो कुजला नव्हता.

"किती दिवस पाणी भरणार आहेस?" सासूने विचारलं.

"मी आहे तोवर. ती काय मला दमवणार?"

एका रविवारी वेणी घालताना मिलेनाने हात पुढे केला. "आई, बघ."

बोटांची टोकं सुरकुतली होती, फार वेळ पाण्यात राहिल्यासारखी. सकाळपासून पोरीने पाण्याला हात लावला नव्हता. एउलालियाने एकेक बोट चाचपून पाहिलं. सगळी गार आणि ओलसर होती. अंगठा तेवढा कोरडा होता, आणि कढत.

वेणी अर्धी टाकून तिने बादली उचलली.