टिटवीच्या मापाचा पलंग

हिशेबाची नोकरी सोडून मी सासऱ्यांच्या हाताखाली सुतारकाम शिकायला बसले, तेव्हा घरातले सगळे तोंड लपवून हसले. मामंजी तेवढे हसले नाहीत. त्यांचे हात थरथरायला लागले होते, आणि त्यांच्या लेकाला रंधा म्हणजे व्यायामाचं साधन वाटायचं. “सूनबाई, आजपासून माझे हात तू,” म्हणाले, आणि मला पटाशीला धार लावायला बसवलं.

पहिलं स्वतंत्र काम घरचंच आलं. नणंदेनं नवं घर घेतलं होतं, पण तिथे तिच्या लेकीचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. अखंड बडबड करायची म्हणून आम्ही तिला टिटवी म्हणायचो. ती आता दिवसभर पेंगत गप्प बसे. तिच्या मापाचा पलंग केला तर पोर झोपेल, अशी आईची आशा. मलाही दुसरं काही नको होतं. टिटवीवर माझा फार जीव.

मामंजींचा एक नियम होता. लाकूड आधी त्या घरात राहायला जातं. तिथली हवा अंगात मुरली की मगच त्याला करवत लावायची. म्हणून आम्ही फळ्या टिटवीच्या रिकाम्या खोलीत चारी भिंतींना टेकवून आलो. उन्हाळा कडक, खिडकी बंद.

पुन्हा गेलो ते दुपारचे. दार उघडलं तर ओल्या भुशाचा वास. सगळ्या फळ्या वाकल्या होत्या. ओल लागते त्या अंगानं लाकूड फुगतं, आणि इथे प्रत्येक फळीचं पोट खोलीच्या मधल्या मोकळ्या जागेकडे आलं होतं. भिंती तर खडखडीत कोरड्या. मी एका फळीवर तळहात ठेवला. नुकतंच कुणी उठून गेलेल्या उशीसारखी ती कोमट लागली…

“मामंजी, हे…”

“श्वासाची ओल आहे,” ते हळूच म्हणाले. “उलट्या करून ठेव.”

ठेवल्या. पुढच्या खेपेला फळ्या सरळ झाल्या होत्या, काटकोनाचा गुण्या लावून बघाव्यात अशा. मनात भीती होतीच, नाही कशाला म्हणू? पण सरळ फळी दिसली की सुतार बाकीचं विसरतो. मी त्या उचलून आणल्या.

काम झोपेत केल्यासारखं झालं. रंध्यातून लांबच लांब ढलप्या निघत आणि आवाज न करता पायाशी साचत. खिळा नाही, सरस नाही. एका लाकडाचं कुसू दुसऱ्याच्या खाचेत घट्ट, तरी मोडायचंच म्हटलं तर चार ठोक्यांत सुटेल असं. पलंग मांडला त्या दिवसापासून टिटवी गाढ झोपू लागली.

“वहिनी, तुझ्या हाताला यश आहे गं,” नणंद म्हणाली, आणि मी हुरळून गेले.

थोड्या दिवसांनी मामंजींना घेऊन सकाळीच तिच्याकडे गेले. नणंद स्वयंपाकघरात होती. टिटवी अजून झोपलेली, पलंगाच्या अगदी काठाशी, एक पाय खाली लोंबकळत. बाकीचा पलंग मोकळा होता, आणि त्या मोकळ्या जागेत गादी खोल दबलेली. तिथल्या उशाच्या फळीला हात लावला. कोमट… दमट… पोट पुढे आलेली.

मी टिटवीला उचलून कडेवर घेतलं.

“मामंजी, सोडवा हा… आत्ताच्या आत्ता.”

त्यांनी थरथरत्या हातांनी लाकडी हातोड्याचे ठोके घातले. मग तो घेऊन मी घातले. कुसवं खाचांत फुगून बसली होती. एकही सांधा हलेना.

ठोक्यांनी टिटवी जागी झाली.

“मोडू नकोस ना, मामी. छान झालाय. फक्त जरा रुंद हवा होता.”

मामंजींच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. पण जन्माची सवय, तोंडून निघून गेलंच, “किती रुंद, बाळा?”

टिटवी दबलेल्या गादीकडे बघत राहिली, कुणाचं तरी ऐकून घ्यावं तशी. मग ओठांवर बोट ठेवून कुजबुजली,

“आत्ता नका ना मापू, आजोबा… तो अजून वाढतोय.”